तीन वाक्यं आणि चौदा तऱ्हेची अक्षरं

सुग्रीवच्या दुकानात अक्षरं प्रसंगानुसार मिळतात. वाढदिवसाचं अक्षर वेगळं, निवडीचं वेगळं, उद्घाटनाचं वेगळं आणि दहाव्याचं वेगळं. वाढदिवसाच्या अक्षराला सोनेरी कड असते आणि मागून जाळ निघतो. निवडीचं अक्षर पुढे झुकलेलं असतं, कारण निवडून आलेला माणूस कुठेतरी निघालेला असतो. उद्घाटनाच्या अक्षरावर दव पडलेलं असतं. दहाव्याचं अक्षर तेवढं बारीक आणि करडं. "काका, तिथं फोटोच मोठा ठेवावा लागतो," असं त्याचं म्हणणं. आमच्या कडा गावच्या बसस्टँडसमोर त्याचं फ्लेक्स, लग्नपत्रिका, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आता तिथे वेबसाइटही करून मिळते. पहिलं गिऱ्हाईक मी होतो. हे मला काम झाल्यावर कळलं.

मी चौतीस वर्षं पोस्टमन होतो. अक्षराबद्दल मला एवढंच माहीत आहे, की ते वाचता आलं पाहिजे. वाचता आलं तर पत्र पोचतं, नाही आलं तर परत जातं. याच्यापुढे अक्षराचं काही शास्त्र असेल तर मला ते ठाऊक नाही. या वेबसाइटच्या भानगडीत ज्यांनी ज्यांनी ते मला शिकवलं, त्यांच्यापेक्षा माझी सायकल शहाणी होती.

मला वेबसाइटवर फक्त तीन वाक्यं हवी होती. 'वत्सलाबाई गेल्या. येसर आता सूनबाई करते. चव तीच आहे.'

वत्सला माझी बायको. ती येसर करून विकायची. धान्यं आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळले की येसर होतो. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतली आमटी त्याच्याशिवाय होत नाही, आणि कोणी तशी केलीच तर व्याही ते नातवाच्या बारशापर्यंत बोलून दाखवतात. उमापूरपासून पालीपर्यंत तिची गिऱ्हाइकं होती. श्रावणात ती गेली. तुळशीची लग्नं झाली, लग्नसराई लागली आणि तिचा फोन वाजायला लागला. तो मी उचलायचो.

"वत्सलाताई हायत का?"

दिवसातून आठ-दहा वेळा हा प्रश्न, आणि आठ-दहा वेळा मी सांगायचो. पलीकडची बाई "अगं बाई" म्हणायची आणि फोन ठेवायची. असं ऐकल्यावर लगेच दोन किलो येसर मागायचा कसा, या संकोचाने ऑर्डर तशीच राहायची. म्हणजे माझं रोज आठ वेळा मरण आणि सुनेच्या धंद्याचंही. मध्यंतरी सगळ्या नंबरांवर एक मेसेज पाठवून पाहिला. चारशे जणींकडून जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं आली. आठवड्याने त्यांतल्याच एकीचा फोन आला. "वत्सलाताई हायत का?"

माझी सून स्वप्ना डोक्याने पक्की आहे. ती म्हणाली, "मामा, आपण वेबसाइट करू. पत्ता पाकिटावर छापू, सगळ्यांना पाठवू. वर तुमची तीन वाक्यं, खाली माझा नंबर. वाचतील आणि मला फोन करतील. तुमाला रोज रोज सांगायला नको."

एवढंच काम होतं. ते सुग्रीवला दिलं, ही चूक माझी. मुलगा पुण्यात असतो, तो म्हणत होता मी बघतो, पण तो 'मी बघतो' गेली सहा वर्षं म्हणतो आहे.

चार दिवसांनी सुग्रीवने बोलावलं. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी आधी मागे सरकलो. वर कमानीसारखं वाकवून, जाळासकट लिहिलं होतं: 'वत्सला येसर उद्योग समूह'.

"समूह कुठला बे? घरात दोन माणसं."

"काका, समूह म्हनलं की वजन येतं."

खाली वत्सलेचा फोटो. कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिला कापून काढलं होतं आणि तिच्या खांद्यावर दुसऱ्या कोणाचीतरी चार बोटं राहून गेली होती. फोटोखाली सोनेरी कडेत, प्रत्येक शब्द वेगळ्या रंगात: 'सौ. वत्सलाबाई आपले सहर्ष स्वागत करीत आहेत!'

"हे कुठलं अक्षर?"

"वाढदिवसाचं. माझ्याकडचं सगळ्यात भारी तेच हाय."

स्वप्ना सोबत होती, तिने अक्षरांच्या तऱ्हा मोजल्या. चौदा भरल्या. 'येसर' एकात, 'काळं तिखट' दुसऱ्यात, 'घरपोच' तिसऱ्यात. वेलांट्या वरच्या ओळीत घुसलेल्या, उकार खालच्या ओळीच्या डोक्यावर बसलेले. एसटीत सीटखाली पाय अडकतात तशी अक्षरं एकमेकांत अडकली होती. एका जागी तर गुलाबी रंगावर लाल अक्षरं होती. ती वाचायला गेलं की डोळ्यांपुढे काजवे यायचे. सुग्रीव म्हणाला, हे मुद्दाम केलंय, उठाव यावा म्हणून.

"आणि माझी तीन वाक्यं?"

"ती काय खाली. पळतायत."

खरंच पळत होती. पांढऱ्यावर पिवळी, उजवीकडून डावीकडे. स्क्रीनवर त्याने फोनएवढंच रुंद पान ठेवलं होतं, त्यात एका वेळी दोनच शब्द मावत होते. 'वत्सलाबाई गेल्या' हे वाचेपर्यंत 'गेल्या येसर' यायचं, मग 'येसर आता'. हे वाचून येसर गेला असंच कोणालाही वाटलं असतं. चौतीस वर्षं मी पत्र घेऊन लोकांच्या मागे फिरलो. लोकांच्या पुढून पत्र पळून जाताना पहिल्यांदा पाहिलं.

"हे पळवलंस कावून?"

"न हाललेलं कोन बघतं काका? मेल्यावानी दिसतं."

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने पुन्हा चहा सांगितला.

तेवढ्यात आप्पाराव आत आले. आप्पाराव आमचे शेजारी. पूर्वी एकदा पंचायत समितीवर होते आणि ती एक टर्म त्यांनी अजून पुरवून ठेवली आहे. वेबसाइट होते आहे हे त्यांना कळलं होतं, आणि त्यावर आपण नाही हेही कळलं होतं.

"रामहरी, लई वाईट वाटलं बघ. एवढं जगभर दिसनार, आन आमचं नाव न्हाई?"

"येसर तुम्ही करता का?"

"मार्गदर्शन करतो की!"

आमच्या भागात कोणत्याही छापील गोष्टीवर कोणाचं नाव केवढ्या अक्षरात घ्यायचं याचा अलिखित कायदा आहे. कोणाच्या अक्षरापुढे कोणाचं अक्षर बोटभर कमी, कोणाचं चेहऱ्याएवढं, कोणाचं नुसतं नाव आणि कोणाचा फोन कानाला लावलेला फोटोसुद्धा. या कायद्यावरून कड्यात एक साखरपुडा मोडला आहे. सुग्रीवला तो कायदा पाठ आहे. लग्नपत्रिका करणाऱ्याला पाठ ठेवावाच लागतो. त्याने मला न विचारता वेबसाइटवर आप्पारावांना फोटोसकट 'मार्गदर्शक' केलं. मग सरपंचांना वगळणं बरं दिसेना, म्हणून ते 'प्रेरणास्थान' झाले. दोघांची नावं त्याने फोटोतच, काटेकोर सारख्या अक्षरांत घातली.

दुसऱ्या दिवशी आप्पाराव फोन घेऊन आमच्या ओट्यावर. "हे बघ. माज्या फोनवर माजं नाव करंगळीच्या नखाएवढं, आन सरपंचाच्या फोनवर त्याचं नाव अंगठ्याएवढं. ही काय रीत झाली?"

स्वप्नाने समजावलं, "आप्पा, त्यांचा फोन मोठा आहे. त्यांच्या फोनवर तुमचं नावपन मोठंच दिसतं."

"त्याच्या फोनवर मोठं होऊन काय उपयोग? तो थोडाच बघनार हाय?"

संध्याकाळी ते नगरला जाऊन मोठा फोन घेऊन आले. माझ्या माहितीत या वेबसाइटमुळे झालेली ती पहिली विक्री.

मग आम्ही वेबसाइटचा पत्ता लोकांना पाठवला. तासाभरात पालीहून एका बाईचा फोन. आवाज दबका.

"भाऊ, तुमच्या येसरावर करनी केलीय का कोनी?"

"का हो?"

"समदं उलटं लिवलंय. कंस, टक्के, इंग्रजी अक्षरं, मदीच डॉलर. आमच्या सासूबाईनी लिंबू आनाय लावला."

सुग्रीवची ती चौदा तऱ्हेची अक्षरं पत्रिका छापायच्या जुन्या सॉफ्टवेअरातली होती. ती त्याच्या कॉम्प्युटरवर मराठी दिसतात. बाकी जगात ती नाहीतच, त्यामुळे बाकी जगाला त्या जागी नुसती चिन्हं दिसतात. म्हणजे वेबसाइट नीट वाचायची तर प्रत्येक गिऱ्हाइकाने कड्याला येऊन सुग्रीवच्या दुकानात बसायला हवं होतं. मी पालीच्या बाईंना करणी नाही एवढं सांगितलं. त्या हुश्श म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. वत्सलाताईला द्या की जरा."

मी दुकानात गेलो. सुग्रीवने हरकत घेतली नाही. हरकत घेत नाही हा त्याचा मोठा दोष आहे. "काळजी करू नका. आता अक्षर पळनार न्हाई आन बदलनारबी न्हाई. मी समद्याचा मिळून फोटोच काढून टाकतो."

आणि टाकला. दहा बाय वीसचा फ्लेक्स जसा चौकात लावतात, तसाच्या तसा फोनमध्ये. फोनमध्ये तो काड्यापेटीएवढा दिसायचा. अक्षरं मुंग्यांसारखी. मोठं करायला दोन बोटं फाकवायची, की एकदम आप्पारावांच्या मिशीचा एक केस समोर. तिथून सरकवत सरकवत जायचं. विहिरीत पडलेली बादली गळाने शोधावी तशी मी माझी वाक्यं शोधली. सापडली. उजवीकडे खाली, आप्पारावांच्या कोपराखाली. पिवळीच होती.

मी म्हणालो, राहू दे. दमलो होतो. लग्नसराई चालू होती, स्वप्ना आणि तिच्या हाताखालच्या दोन बाया दिवसभर भाजण्यात होत्या. शिवाय खाण्याचे पदार्थ विकायचा परवाना वत्सलेच्या नावावर होता. त्याची मुदत महिनाअखेर संपत होती. तो स्वप्नाच्या नावावर झाला नसता तर ऐन हंगामात जातं बंद. त्यामुळे अक्षरांचा नाद सोडून मी बीडची एसटी धरली.

कुठलं कार्यालय ते सांगत नाही. सगळ्या कार्यालयांना आपलंच वाटेल. खिडकीपलीकडच्या साहेबांनी मृत्यूचा दाखला पाहिला, स्वप्नाचं आधार पाहिलं, अर्ज पाहिला. अर्जात 'संकेतस्थळ असल्यास' असा एक रकाना होता. तिथे स्वप्नाने इमानदारीने वेबसाइटचा पत्ता लिहिला होता. साहेबांनी तो कॉम्प्युटरवर उघडला आणि छापून काढला. कागद काळापांढरा आला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"काका, तुमच्या मिसेस कधी वारल्या म्हणता?"

"श्रावणात."

"इथे तर त्या सहर्ष स्वागत करतायत."

"ते जुनं... ते चुकून राहिलंय. खाली लिहिलंय बघा, गेल्या म्हणून."

त्यांनी कागद वर धरला, तिरका धरला, खिडकीच्या उजेडात नेला. पांढऱ्यावरचं पिवळं काळ्यापांढऱ्या छपाईत उमटलंच नव्हतं. कोपर होता. कोपराखाली कोरं.

"इथं काही नाही."

"साहेब, दाखला आहे ना सरकारी."

"दाखला म्हणतो वारल्या. संकेतस्थळ म्हणतं स्वागत करतायत. दोन्ही तुमचेच कागद. तफावत आहे. उद्या ऑडिटला मी काय सांगू?"

"पण साहेब, ती गेली. मी सांगतोय ना."

मागे रांगेत दहा-बारा माणसं होती. त्यांतला एक जण पुढच्याला विचारत होता, "कोन गेलं?" पुढचा म्हणाला, "त्यांची बायकू म्हनं. पन साहेब न्हाई म्हनत्यात."

नोकरीत मी मयताच्या तारा वाटल्या आहेत. तारेत तीन-चार शब्द असायचे आणि ते वाचायला कोणाला बोटं फाकवावी लागत नसत. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालासुद्धा माझ्या हातातली तार पाहून कळायचं. आणि आज मी एका शिकलेल्या माणसाच्या खिडकीत उभा राहून, रांगेच्या साक्षीने, माझी बायको मेली आहे हे सिद्ध करत होतो आणि ते सिद्ध होत नव्हतं.

"असं करा," साहेब समजुतीने म्हणाले, "आधी त्यांना संकेतस्थळावर मयत दाखवा. स्पष्ट. वाचता येईल असं. मग या, पाच मिनिटांत करून देतो."

बीडच्या स्टँडवर कड्याकडची आष्टीची गाडी लागायला दीड तास होता. मी तो कागद मांडीवर घेऊन बसलो. तिचा फोटो छपाईत बरा आला होता. जोडलेले हात, खांद्यावर परकी बोटं. सगळ्या जिल्ह्यात एकट्या त्या खिडकीत ती अजून होती. आणि मी तासभर भांडलो ते तिथूनही तिला काढण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वप्नाला म्हणालो, "भाजणं राहू दे. तुझा फोन घे." वेबसाइट फोनवरूनही करता येते हे तिला माहीत होतं. सुग्रीवला वाईट वाटू नये म्हणून ती बोलली नव्हती. सुग्रीवला वाईट वाटू नये म्हणून आम्ही पाच आठवडे घालवले होते.

आम्ही ओसरीवर बसलो. पांढरं पान घेतलं. काळं अक्षर घेतलं. एकच तऱ्हा, शाळेच्या पुस्तकात असते तशी, सगळ्या फोनांवर दिसणारी. स्वप्नाने नाव सुंदर दिसावं म्हणून त्याला सावली दिली, मी काढायला लावली. अक्षराला सावली पडायला ते काय झाड आहे? फोन खाटेवर ठेवला, मी चष्मा काढून उभा राहिलो आणि वाचून पाहिलं. नाही आलं. तिने मोठं केलं. पुन्हा उभा राहिलो. आलं, पण ओळी एकमेकींना चिकटत होत्या. दोन ओळींत वेलांटी आणि उकार दोघांनाही बसायला जागा होईल एवढं अंतर ठेवलं. 'येसर आता' एका ओळीत आणि 'सूनबाई करते' दुसरीत, असं तुटत होतं, तेही नीट केलं. तीन वाक्यं, तीन ओळी. मग बरीच मोकळी जागा. त्याखाली काय काय मिळतं ते, आणि स्वप्नाचा नंबर. अगदी खाली तिने "राहू द्या मामा, कोणाला लागला तर" म्हणून वत्सलेचा, म्हणजे माझ्याकडचा, नंबर टाकला. चाळीस मिनिटं लागली.

सुग्रीव पाहायला आला.

"काका, हे तर लई मोकळं दिसतं. एवढी जागा वाया घालवली."

"जागा आहे म्हणून वाचता येतं."

"आन रंग?"

"येसराला रंग आहे. अक्षराला कशाला?"

तो खिन्न होऊन गेला. जाताना म्हणाला की असलं काम केलं तर त्याचं दुकान बंद पडेल. मला हे मान्य आहे.

आप्पाराव नवा फोन घेऊन आले. त्यांनी वरून खाली आणि खालून वर पाहिलं. "रामहरी, ह्यात आमी कुठं हाव?"

"तुम्ही कड्यात आहात, आप्पा."

ते महिनाभर बोलले नाहीत. त्या महिन्यात माझी तब्येत सुधारली.

बीडच्या साहेबांनी वेबसाइट पुन्हा उघडली. कागद छापायची गरज पडली नाही. त्यांनी मोठ्याने वाचलं, "वत्सलाबाई गेल्या." मग हळू आवाजात, "हं. आता कळतंय." आणि शिक्का मारला. पाच मिनिटं म्हणाले होते, चारच लागली. परवाना स्वप्नाच्या नावावर झाला.

आम्ही वेबसाइटचा पत्ता पुन्हा चारशे जणींना पाठवला. स्वप्नाचा फोन वाजायला लागला. लग्नाची तारीख, माणसं किती, किती किलो, कधी पाठवता. ती कानाला फोन लावून धान्य परतत होती. माझ्याकडचा फोन खुंटीवर लटकवलेल्या पिशवीत गप्प होता. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मला हवं होतं तसंच झालं होतं. चौथ्या दिवशी मी तो पिशवीतून काढून चार्जिंग संपलं का ते पाहिलं. संपलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी वाजला. उमापूरच्या तुळजाबाई. वत्सलेचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

मी सवयीने म्हणालो, "त्या आता नाहीत. येसरासाठी दुसरा नंबर दिलाय बघा, सुनेचा."

"वाचलं की समदं. चष्मा न लावता वाचलं. येसर परवाच सांगितला सुनंला."

"मग?"

"मग काय? त्यात त्यांचं लिवलंय, सुनंचं लिवलंय, येसराचं लिवलंय. तुमचं काईच न्हाई. म्हनलं इचारावं. तुमी कसे हाव, भाऊ?"

"बरा आहे."

"तसं समदेच म्हनत्यात. मालक गेल्यावर मीबी दोन वर्सं तेच म्हनत हुते. खरं सांगा."

मी खाटेवर बसलो आणि सांगितलं. मला वाटलं होतं दोन शब्दांत होईल. अर्धा तास गेला. त्या मध्ये मध्ये "हं" म्हणत होत्या आणि मागे त्यांच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं, ते बराच वेळ ऐकू येत राहिलं.

फोन ठेवला तेव्हा स्वप्ना पिठाचे हात घेऊन दारात उभी होती.

"कुणाचा होता मामा? ऑर्डर हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्यासाठी होता."